विजेचा ताल सांभाळणारी माणसे

(भूगाव, ता. मुळशी येथे दहावी-बारावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



वीजक्षेत्रातील संशोधनाविषयी बोलण्यासाठी कला शाखेच्या एका पदवीधराला बोलावण्याचे धाडस संयोजकांनी केले, त्याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. मी अभियंता नाही. विजेविषयी बोलण्याचा माझा अधिकार असलाच तर एवढाच, की पत्रकार म्हणून अनेक वर्षे मी तिच्या नसण्याविषयी लिहीत आलो आहे. २००५ नंतरची काही वर्षे येथील ज्येष्ठांना आठवत असतील. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे दहा-बारा तास भारनियमन असे. परीक्षेचा अभ्यास कंदिलावर आणि पिकाला पाणी मध्यरात्री, असा तो काळ होता. त्या दिवसांत मी मोर्चांच्या बातम्या दिल्या, निवेदने छापली, आरोप-प्रत्यारोप नोंदवले. मात्र एक साधा प्रश्न मला कधी सुचला नाही. वीज कमी आहे, हे मान्य. मग सर्वांनाच ती थोडी थोडी कमी का देत नाहीत? एका गावाला पूर्ण अंधार आणि दुसऱ्याला पूर्ण उजेड, असे का करावे लागते?

हा प्रश्न पुढे माझ्या पुतण्याने मला विचारला आणि त्याचे उत्तरही त्यानेच दिले. त्या पुतण्याविषयी शेवटी सांगेन. आधी आपल्या मुळशीपासून सुरुवात करू.

मुळशीचे पाणी, मुंबईचा दिवा

आपल्या दारावरून जाणारा हा पौड रस्ता पिरंगुट, पौड मागे टाकून मुळशीच्या जलाशयाकडे जातो. त्या पाण्याखाली मावळातील अनेक गावांची भातखाचरे आहेत. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि मुळशीच्या पाण्यावरचे भिऱ्याचे केंद्र १९२७ साली. घाटमाथ्यावर पाणी अडवायचे, बोगद्यातून आणि नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडायचे आणि त्या जोरावर जनित्रे फिरवायची, अशी ही योजना. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना आणि पुढे रेल्वेला. जमीन गेली ती मात्र मावळ्यांची.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच लढ्याने पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी दिली. पुण्यातल्या सेनापती बापट रस्त्यावरून आपण रोज जातो. पण बापट हे अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते, हे किती जणांना ठाऊक असते? १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला यंत्रशास्त्र शिकण्यासाठी गेले. ब्रिटिश सत्तेविरुद्ध उघड मत मांडल्याने ती शिष्यवृत्ती गेली. लंडनमध्ये ते स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या सहवासात आले, पॅरिसला जाऊन बॉम्बची विद्या मिळवली आणि अखेर या मावळात येऊन धरणाच्या विरोधात उभे राहिले. त्यासाठी त्यांनी तीन वेळा कारावास भोगला. शेवटची शिक्षा सात वर्षांची होती.

यंत्र शिकलेला माणूस यंत्राचा शत्रू नसतो. बापटांचा प्रश्न यंत्राविषयी नव्हता, असे मला वाटते. ज्याची जमीन जाते त्याला कोणी विचारले, आणि निर्णय कोणाच्या हाती आहे, हा तो प्रश्न होता. शंभर वर्षांनंतर तोच प्रश्न आपल्यासमोर वेगळ्या रूपात उभा आहे. वीज आपल्या घराच्या छपरावर तयार होऊ लागली आहे. परंतु ती चालवण्याची विद्या कोणाच्या हाती आहे?

संचलनाचा ताल

त्या विद्येचे मर्म समजण्यासाठी पुतण्याच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. देशातील प्रत्येक मोठे जनित्र, मग ते चंद्रपूरचे असो, कोयनेचे असो वा हिमाचलातले, हाच ताल धरून फिरत असते. विजयादशमीचे संचलन आपण पाहिलेले आहे. शेकडो स्वयंसेवक, पण पाऊल एकच. आनकाचा ठेका चुकला की रांग विस्कटते. विद्युतजाळे, म्हणजे ग्रिड, हे असेच अखंड चालणारे संचलन आहे. त्यात विश्रांती नाही आणि 'आरम्' ही आज्ञाही नाही.

या जाळ्यात वीज जवळजवळ साठत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते त्या क्षणी तेवढीच निर्माण व्हावी लागते. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी नसली तर जनित्रांवर ओझे येते, ती मंदावतात, वारंवारता ५० च्या खाली घसरते. आपल्याकडील नियमानुसार ती ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान राखायची असते. फारच घसरली तर जनित्रे स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यातून बाहेर पडतात. एक बाहेर पडले की उरलेल्यांवर ओझे वाढते, मग दुसरे, मग तिसरे. म्हणूनच 'सर्वांना थोडी थोडी कमी' हा मार्ग उपलब्ध नसतो. काही भार तोडावा लागतो, तेव्हा उरलेले जाळे वाचते. भारनियमनाची वर्षानुवर्षे बातमीदारी केलेल्या मला हे ठाऊक नव्हते.

या कामाची कसोटी लागलेला एक प्रसंग आपण सर्वांनी अनुभवला आहे. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता आपण घरातील दिवे मालवून पणत्या लावल्या. काही मिनिटांत देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली आणि नऊ मिनिटांनी पुन्हा चढू लागली. आपण अंगणात होतो, तेव्हा देशभरातील भारप्रेषण केंद्रांत बसलेली माणसे पडद्यावरील एका आकड्याकडे डोळे लावून होती. जलविद्युत केंद्रे आधी वेगाने खाली आणायची आणि मग तितक्याच वेगाने वर न्यायची, अशी आखणी त्यांनी करून ठेवली होती. जाळे अढळ राहिले. त्या रात्री दिवा लावणाऱ्यांची छायाचित्रे आम्ही वृत्तपत्रांतून छापली. ताल सांभाळणाऱ्यांची नाही.

ग्वाल्हेरचे फडके

ताल नेहमीच सांभाळला जातो असे नाही. ३० जुलै २०१२ च्या पहाटे मध्य प्रदेशातील बिना ते ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी अतिभाराने बंद पडली आणि पाठोपाठ सारा उत्तर भारत अंधारात गेला. दुसऱ्याच दिवशी दुपारी पुन्हा तेच घडले. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग कोसळले. सुमारे साठ कोटी लोकांच्या प्रदेशावर ती आपत्ती होती. गाड्या रुळांवर थांबल्या, खाणीतील कामगार आत अडकले. पश्चिम विभाग, म्हणजे आपला महाराष्ट्र आणि शेजारची राज्ये, त्यातून बचावला.

नियतीचा योग असा, की अशा आपत्तीची चाहूल घेणारे उपकरण ज्या शास्त्रज्ञाच्या नावाशी जोडले गेले आहे, त्यांचा जन्म त्याच ग्वाल्हेरचा. डॉ. अरुण फडके. जन्म १९३८. १९५९ साली ते खरगपूरच्या आयआयटीतून पदवीधर झाले, अमेरिकेला गेले, १९६४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे त्यांनी एका मोठ्या वीज कंपनीत काम केले आणि मग व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात प्राध्यापकी केली.

त्यांनी सोडवलेला प्रश्न ऐकायला सोपा आहे. दोन दूरच्या उपकेंद्रांतील विजेच्या लहरी एकमेकींपासून किती सरकल्या आहेत, हे कळले तर त्यांमधील वाहिनीवर किती ताण आहे हे कळते. परंतु मुंबईतले मोजमाप आणि नागपुरातले मोजमाप एकाच क्षणाचे आहे, याची खात्री कशी द्यायची? आपल्या घरातील दोन घड्याळे एक वेळ दाखवत नाहीत. इथे तर सेकंदाच्या लाखाव्या भागाचा हिशेब. उपग्रहांवरून येणाऱ्या जीपीएसच्या वेळेचा आधार घेऊन प्रत्येक मोजमापावर अचूक क्षणाचा शिक्का मारायचा, या मार्गाने फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प यांनी १९८८ च्या सुमारास 'फेजर मेजरमेंट युनिट' हे उपकरण सिद्ध केले. पूर्वी नियंत्रण कक्षाला काही सेकंदांनी एकदा माहिती मिळे. या उपकरणाने ती सेकंदाला पंचवीस-पन्नास वेळा मिळू लागली. नाडीवर एकदा बोट ठेवणे आणि हृदयाचा आलेख अखंड पाहणे, यात जो फरक आहे तोच हा. २००३ साली अमेरिका आणि कॅनडात मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले आणि त्यानंतर या उपकरणाचे महत्त्व तेथील कंपन्यांना पटले. २००८ मध्ये फडके आणि थॉर्प यांना बेंजामिन फ्रँकलिन पदकाने गौरवण्यात आले.

आता हिशेब मांडा. उपकरण १९८८ चे, मान्यता २००३ नंतरची. मध्ये पंधरा वर्षे गेली. संशोधन म्हणजे असे काम, ज्याची निकड जगाला पुष्कळदा अंधार पडल्यावरच कळते.

आज हीच उपकरणे आपल्या राष्ट्रीय जाळ्यावर बसवली गेली आहेत. त्यांतून येणाऱ्या माहितीचे विश्लेषण करण्याची प्रणाली तयार करताना पॉवरग्रिडने पवईच्या आयआयटीतील प्राध्यापकांचे सहकार्य घेतले. ग्वाल्हेरातून निघालेली विद्या अमेरिकेमार्गे का होईना, घरी परतली, याचे समाधान आहे. पण 'अमेरिकेमार्गे' हा शब्द मनात सलतोच.

आनकाविना पाऊल

दुसरी कथा परत आलेल्या माणसाची आहे.

सौर पट्टीत फिरणारे काहीच नसते. औष्णिक केंद्रातील शेकडो टनांचे चक्र अचानक ओझे आले तरी काही क्षण आपल्या वेगाने फिरत राहते आणि जाळ्याला सावरायला वेळ देते. सौर ऊर्जा इन्व्हर्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक पेटीतून येते. बहुतेक इन्व्हर्टर जाळ्याचा ठेका ऐकून पाऊल टाकतात. आनक थांबला की त्यांचेही पाऊल थांबते. म्हणूनच तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पट्ट्या असल्या, तरी बाहेरची वीज गेली की भर उन्हातसुद्धा साध्या यंत्रणेत त्या बंद पडतात. पुष्कळांना ही फसवणूक वाटते. तो तंत्राचा नियम आहे आणि लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाचे रक्षणही त्यात आहे.

मग प्रश्न असा, की आनक नसताना अनेक इन्व्हर्टरांनी आपापसांत ताल धरायचा कसा आणि ओझे वाटून घ्यायचे कसे? प्रत्येकाला तारेने किंवा रेडिओने आज्ञा द्यायची म्हटले तर ती तार तुटताच सारे संपले. याचे उत्तर देणारा एक शोधनिबंध १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे पहिले लेखक मुकुल चांदोरकर. तेव्हा ते विस्कॉन्सिनमध्येच दीपक दिवाण यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करत होते. त्यांची युक्ती आपण पालखीच्या भोयांवरून समजून घेऊ. खांद्यावरचे ओझे वाढले की प्रत्येकाने आपली चाल किंचित मंद करायची. बाकीच्यांना ती मंदावलेली चाल पावलांतूनच कळते. कोणी कोणाला हाक मारायची नाही. प्रत्येक इन्व्हर्टर ओझ्यानुसार आपली वारंवारता अगदी थोडी खाली आणतो आणि त्या खुणेवरच सारे आपापल्या कुवतीप्रमाणे भार वाटून घेतात. वरून आज्ञा नाही, मध्यवर्ती नियंत्रक नाही. प्रत्येक घटकाने समष्टीचा भार स्वतःच्या जाणिवेने ओळखायचा, हे आपल्याला नव्याने सांगावे लागत नाही. पण ते गणिताने सिद्ध करून तांब्याच्या तारेत उतरवायला तपश्चर्या लागते.

या क्षेत्रात अत्यंत वारंवार आधारासाठी घेतल्या जाणाऱ्या निबंधांत त्या निबंधाची गणना होते. 'मायक्रोग्रिड' ही कल्पना पुढे २००२ च्या सुमारास त्याच विस्कॉन्सिनमधील रॉबर्ट लासेटर यांनी मांडली आणि ती जगभर पसरली. एखादी वाडी, रुग्णालय, लष्करी ठाणे किंवा सोसायटी यांनी आपली लहान निर्मिती, बॅटरी आणि वापर यांचे एक छोटे जाळे करायचे. एरवी मोठ्या जाळ्याला जोडून राहायचे आणि संकटात अलग होऊन स्वतःच्या पायावर उभे राहायचे, अशी ती कल्पना. चांदोरकर परत आले आणि पवईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले. एक प्राध्यापक परत येतो, तेव्हा त्याच्या हाताखालून विद्यार्थ्यांच्या किती पिढ्या जातात, याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

आपल्या जिल्ह्यातही याचे उदाहरण आहे. उत्तरेकडील डोंगरात दरेवाडी नावाची वनवासी वस्ती आहे, सुमारे चाळीस घरांची. २०१२ साली, म्हणजे ज्या वर्षी उत्तर भारत अंधारात गेला त्याच वर्षी, पुण्याच्या 'ग्राम ऊर्जा' या कंपनीने तेथे साडेनऊ किलोवॅटच्या आसपास क्षमतेचे सौर सूक्ष्मजाळे उभे केले. घरोघर मीटर, वापराप्रमाणे बिल आणि कारभार गावकऱ्यांच्याच न्यासाकडे. त्याआधी, २००६ साली पुणे शहर भारनियमनमुक्त झाले, तेही उद्योगांनी आपली जनित्रे टंचाईच्या वेळी चालवून शहराचा भार हलका केल्यामुळे. वीज वाटून घेण्याची बुद्धी आपल्याकडे आहे. कमी आहेत ती तिचे शास्त्र करणारी माणसे.

परावलंबनाचा नवा चेहरा

ही माणसे आताच का हवीत? ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी अडीच लाख मेगावॅटवर पोहोचली. २०३० पर्यंत पाच लाख मेगावॅट क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांतून उभी करण्याचे लक्ष्य आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेतून एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पट्ट्या बसवायच्या आहेत. महाराष्ट्रात शेतीच्या वाहिन्या सौर प्रकल्पांवर चालवून शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचे काम सुरू आहे. थोडक्यात, काहीशे मोठ्या जनित्रांच्या संचलनात आता लाखो लहान पावले मिसळत आहेत. हे सारे एका तालात ठेवण्याचे शास्त्र जगात कोणाकडेही तयार नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन प्रगत देश भर दुपारी बंद पडले. विद्युतदाब आवाक्याबाहेर चढत गेल्याने एकामागून एक केंद्रे बाहेर पडली, असे तेथील तपासात आढळले. अशा प्रश्नांची उत्तरे आपल्याला आपल्या जाळ्यासाठी स्वतःच शोधावी लागतील.

दुसरे कारण सुरक्षेचे आहे. सौर इन्व्हर्टरांच्या जागतिक बाजारात चीनचे वर्चस्व आहे. २०२५ च्या मे महिन्यात रॉयटर्स या वृत्तसंस्थेने बातमी दिली, की अमेरिकेत तपासलेल्या काही चिनी इन्व्हर्टरांत कागदपत्रांवर न दाखवलेली संपर्क-उपकरणे आढळली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई तासन्‌तास ठप्प झाली. त्यामागे सायबर घातपात असावा, असा संशय राज्य सरकारने पुढे व्यक्त केला; केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मात्र ती मानवी चूक असल्याचे सांगितले. कोण बरोबर, हा वाद मी येथे उकरत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. स्वदेशी म्हणजे पेटीवर 'भारतात जुळणी' असे लिहिणे नव्हे. पेटीच्या आतील आज्ञावली ज्याला लिहिता येते आणि तपासता येते, तोच खरा तिचा मालक. परदेशी मालावर बहिष्कार घालणे एका दिवसात जमते. तो माल येथे निर्माण करणारा संशोधक घडायला दहा वर्षे लागतात.

वाट कशी आहे

विद्यार्थिमित्रहो, आता तुमच्याशी. या वाटेवर जायचे तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र मनापासून हवे. नंतर विद्युत अभियांत्रिकीची पदवी. आपल्या राज्यात पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, नागपूरचे व्हीएनआयटी, सांगलीचे वालचंद या जुन्या, नावाजलेल्या संस्था आहेत. पदवीनंतर 'गेट' परीक्षा देऊन एम.टेक. किंवा थेट पीएच.डी.; पवई, खरगपूर, कानपूर येथील आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांत वीजप्रणाली व पॉवर इलेक्ट्रॉनिक्स यांवर काम चालते. संगणकाची आवड असलेल्यांनी हे क्षेत्र आपले नाही असे समजू नये. आज जाळ्याचा निम्मा अभ्यास संगणकावरच होतो. खऱ्या जाळ्यावर प्रयोग करता येत नाही म्हणून त्याची हुबेहूब प्रतिकृती संगणकात चालवतात आणि तिच्यावर हवे तितके बिघाड घडवून पाहतात.

पुढे काम कुठे? बंगळूरची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था १९६० पासून आहे. बडोद्याला 'एर्डा' ही संशोधन संस्था आहे. तिरुवनंतपुरमच्या सी-डॅकमध्ये पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय अभियान चालले आहे. पॉवरग्रिड, ग्रिड-इंडिया, आपली महापारेषण आणि महावितरण यांना या विद्येची माणसे लागतात. पश्चिम विभागाचे भारप्रेषण केंद्र मुंबईत आणि राज्याचे ऐरोलीला आहे. शाळा-महाविद्यालयांनी परवानगी काढून मुलांना ते एकदा दाखवावे. शिवाय इन्व्हर्टर, बॅटरी, विजेवरची वाहने यांचे उद्योग पुण्याच्या परिसरातच आहेत.

पैशाचे बोलू, कारण पालक तेच विचारतील. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये झाली. २०१८ साली सुरू झालेल्या पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीत निवड झालेल्यांना ७० ते ८० हजार मिळू लागले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत अशा दहा हजार अधिछात्रवृत्त्या देण्याची घोषणा झाली.

या वाटेवर काटे आहेत, हेही सांगितले पाहिजे. पीएच.डी.ला पाच वर्षे, कधी सहा लागतात. अधिछात्रवृत्तीचे पैसे पुष्कळदा रखडतात. प्रयोग फसतो, निबंध परत येतो, बरोबरीच्या मित्राचे घर होते आणि आपण वसतिगृहातच असतो. देशाच्या सकल उत्पन्नातील एक टक्काही आपण संशोधनावर खर्च करत नाही, आणि खासगी उद्योगांचा वाटा त्याहून दुबळा आहे. मुलींच्या बाबतीत तर 'लग्नाचे वय' नावाची आणखी एक परीक्षा घरातच बसलेली असते. ज्याला केवळ नावापुढे 'डॉक्टर' लावायचे आहे, त्याने या वाटेला जाऊ नये.

तालमीचा खुराक

आता पुतण्याची गोष्ट. त्याने वीजप्रणालीत एम.टेक. केले, तेव्हा त्याच्या प्राध्यापकांनी त्याला पीएच.डी.साठी थांबायला सांगितले. घरात सल्ला माझा घेतला गेला. चार पुस्तके वाचलेला काका म्हणून. मी म्हणालो, "अरे, तिशीला येशील तेव्हा कमवायला लागशील. बाबांचा विचार कर." तो काही बोलला नाही. हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागला. आज त्याचे सारे उत्तम चालले आहे आणि त्याची माझ्याविषयी कसली तक्रार नाही. एका दिवाळीत फराळाच्या वेळी त्याने सहज मला विचारले, "काका, तुम्ही भारनियमनावर इतके लिहिलेत, सगळ्यांना थोडी थोडी वीज का देत नाहीत, ते सांगा बरं." मला सांगता आले नाही. मग त्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकृती काढून ते समजावले. तासभर तो बोलत होता. चहा दोनदा गार झाला. उठताना तो कागद घडी करून त्याने खिशात ठेवला. मी ज्या मुलाला या वाटेवरून वळवले, तो कोण होता, हे मला त्या दिवशी कळले. हे मी आज येथे सांगतो आहे, कारण या सभागृहात माझ्यासारखे काका, मामा, वडील बसलेले असणार.

पालकहो, २०१७ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची स्पर्धा याच भूगावात भरली होती. मुळशी ही पैलवानांची भूमी. ज्या घरात पोरगा तालमीत जातो, त्या घरातील आई पहाटे उठून त्याच्या दुधाची सोय करते, बाप म्हैस विकून बदाम आणतो. दहा-बारा वर्षे हा खुराक चालतो. "पोरा, या महिन्यात काय कमावलेस?" असे त्याला कोणी विचारत नाही. गदा मिळेलच याची हमी नसते. तरी गाव त्याच्या पाठीशी उभे राहते, कारण पैलवान एका घराचा नसतो, तो गावाचा असतो.

संशोधनाची तालीम याहून वेगळी नाही. तेथेही वर्षानुवर्षे अंगमेहनत आहे, वस्ताद आहे, हार आहे. फक्त त्याची कुस्ती कोणाला दिसत नाही. ती जिंकली तर कुठे काहीच घडत नाही, दिवे लागलेले असतात तसेच लागलेले राहतात. अशा मुलाच्या किंवा मुलीच्या मागे घराने उभे राहावे आणि घराची ऐपत नसेल तर समाजाने राहावे. आपल्यातील सुस्थितीतल्या दहा कुटुंबांनी मिळून अशा एका विद्यार्थ्याची अडचणीच्या महिन्यांतील जबाबदारी घेतली, तर ती राष्ट्रसेवाच आहे, असे मी मानतो.

सेनापती बापटांची शिष्यवृत्ती परकीय सत्तेच्या रोषामुळे गेली. आज आपल्या मुलांना अडवायला परकीय सत्ता नाही. त्यांना अडवलेच, तर ते आपणच अडवू. माझ्याकडून एकदा ते झाले आहे. तुमच्याकडून होऊ नये, एवढीच प्रार्थना करतो आणि थांबतो.

भारत माता की जय!